सतरा अंशांचं कोल्हापूर

३१ जानेवारी

मिरज सुटलं की मला झोप लागत नाही. महालक्ष्मी एक्सप्रेस जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत पुढे सरकते, बाहेर उसाचे फड सुरू होतात आणि थंडीच्या दिवसांत त्या फडांवर कमरेइतकं धुकं साचलेलं असतं. रस्त्याने कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या की बॅग खाली काढायची.

यंदाची रजा मी मुद्दाम याच तारखांना मागून घेतली होती. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यातल्या देवीवर येण्याचे दिवस, आणि पौर्णिमाही नेमकी त्यातच येत होती. ठाण्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. मुलांना फळ्यावर ज्या गोष्टी काढून दाखवते, त्यांतल्या कितीतरी मला पहिल्यांदा भेटल्या त्या शिवाजी पेठेतल्या घरात, गंगावेशीत, मामाच्या गावच्या गुऱ्हाळावर. तेव्हा नुसते प्रश्न होते. उत्तरं पुढे पुस्तकांतून मिळाली. पण ज्या जागी प्रश्न पडला त्याच जागी उभं राहून उत्तर ताडून बघायचं राहून गेलं होतं.

स्टेशनवर दादा आला होता. घरी जायच्या आधी मिसळ, हे आमचं ठरलेलं. "पाणी पिऊ नको गं, दही मागव," दादा म्हणाला. मी पहिलीत असल्यापासून तो हेच सांगत आलाय आणि त्याचं बरोबर आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तर कटावर तरंगणारी लाल तर्री सगळ्यात जहाल. वरून पाणी प्यायलं की ते तोंडभर पसरतं, आणि दह्यातलं केसिन नावाचं प्रथिन मात्र त्याला धरून खाली घेऊन जातं. लहानपणी मला पडलेला प्रश्न वेगळाच होता: मिसळ गार झाली तरी तोंड भाजतं कसं? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर साधारण त्रेचाळीस अंशांच्या वरची उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. कॅप्सेसिन जाऊन नेमकं त्यांनाच चेतवतं. मेंदूला खबर जाते ती तोंडात जाळ लागल्याची, म्हणून कपाळावर घाम. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन १९९७ मध्ये शोधून काढलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गारढोण मिसळीने भाजणारं तोंड हा नोबेलच्या तोलामोलाचा प्रश्न होता, हे मला फार उशिरा कळलं.

साडेचारला देवळात गेलो. चौकात आधीच गर्दी. पहिल्या दिवशी आम्हाला बाहेरच्या, आतलं थेट दाखवणाऱ्या पडद्यासमोरच जागा मिळाली, पण त्याचा एक फायदा झाला. मागे वळलं की सूर्य आणि पुढे पाहिलं की देवी, दोन्ही दिसत होतं. मावळता सूर्य, महाद्वार रोड, महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा, गाभारा, मूर्ती अशी ही वाट आहे. एखादी वाढीव इमारत, फलक किंवा फांदी या वाटेत आली की किरण तिथेच अडतो, म्हणून उत्सवाआधी सगळ्या मार्गाची पाहणी होते. हवेत धूळ, बाष्प किंवा क्षितिजावर ढग असला तरी प्रकाश मंदावतो. अभ्यासक आत उपकरण लावून तो किती लक्स भरतो ते मोजतात.

आजीला मी एकदा विचारलं होतं, "देवीला रोज का नाही ऊन येत?" आजी म्हणाली होती, "रोज आलं तर तू बघायला येशील का?"

आता जे माहीत आहे ते असं. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी. हिवाळ्यात मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकत जाते, २१-२२ डिसेंबरला टोक गाठते आणि परत फिरते. म्हणजे दक्षिणायनात ज्या जागी तो मावळला, त्याच जागी उत्तरायणात पुन्हा एकदा मावळणार. म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा येतो. ९, १० आणि ११ नोव्हेंबर हा पहिला, आणि हा दुसरा. कॅलेंडर काढून मोजा, १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर आणि तिथून १ फेब्रुवारी, दोन्हीकडे एक्केचाळीस-बेचाळीस दिवस भरतात. या दोन्ही वेळी सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात ताणलं तर होणाऱ्या रेषेच्या, दक्षिणेला सुमारे सतरा अंशांवर असतो. हा सतराचा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे दिवस तो आमच्या सोबत होता.

आणि तीनच दिवस का? या सुमारास मावळतीची जागा रोज साधारण तीन दशांश अंशाने सरकते. सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाहून जराशी जास्त. म्हणजे रोज अर्ध्या बिंबाहून थोडं अधिक. दारांमागे दारं असलेल्या त्या लांब, अरुंद वाटेतून सूर्य दिसायचे दिवस त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुख असा क्रम परंपरेने सांगितला जातो. हे देऊळ बांधणाऱ्यांनी किती वर्षं मावळतीकडे डोळे लावून खुणा केल्या असतील, याचा विचार करत मी उभी होते.

सहा वाजून गेल्यावर पडद्यावर पितळी उंबरा झळाळला. आतले दिवे मालवलेले. किरण सरकत गाभाऱ्यात शिरला आणि चरणांवर आला. चौकातून "उदं गं अंबे उदं" उठलं आणि दादाने हात जोडले. मीही.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हैस समोर उभी, गवळी पिळतोय आणि पेला थेट आपल्या हातात. माझं लक्ष लहानपणीही दुधापेक्षा फेसाकडेच असायचं. नळाचं पाणी कितीही जोरात बादलीत पडलं तरी त्याचे बुडबुडे लगेच फुटतात, मग दुधाचा फेस मिशा रंगवण्याइतका वेळ टिकतो कसा? धार वेगाने पडते, सोबत हवा ओढून नेते, इथवर दोन्ही सारखंच. पण दुधातली प्रथिनं प्रत्येक बुडबुड्याभोवती जाऊन बसतात आणि त्याला पातळ अस्तर देतात. पाण्याकडे असं अस्तर नाही. तापवताना दूध उतू जातं तेही यामुळेच. पृष्ठभागावर प्रथिनं आणि स्निग्धांशाची साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली कोंडते आणि सगळं एकदम वर उसळतं. आई पातेल्यावर आडवं उलथणं ठेवायची, फेस त्याला लागून फुटायचा. तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

१ फेब्रुवारी

सकाळी गुऱ्हाळ. वडणग्याच्या पुढे रस्त्यापासून आत, पत्र्याची शेड, बाहेर वाळत घातलेल्या चिपाडांचा डोंगर. उसाचा रस काढून उरलेलं चिपाडच चुलवाणात जळण म्हणून जातं, बाहेरून लाकूड फारसं लागत नाही.

काहिलीत रस नुकताच चढवला होता, हिरवट-करडा, गढूळ. मग त्यात रानभेंडीचं पाणी पडलं. भेंडीची ताटं ठेचून पाण्यात चोळली की ते पाणी तार सुटेल इतकं बुळबुळीत होतं. पाचेक मिनिटांत काहिलीच्या कडेने काळपट, जाड साय गोळा व्हायला लागली. मळी. झाऱ्याने ती ओढून काढत राहायचं. प्रत्येक ओढीनंतर खालचा रस अधिक नितळ, अधिक पिवळा दिसत होता. भेंडीतला चिकट पदार्थ रसातल्या मातीचे, मेणाचे, प्रथिनांचे बारीक कण गुंडाळून घेतो, तापला की आळतो आणि उकळीच्या बुडबुड्यांवर बसून वर येतो. लहानपणी मामा म्हणायचा, "भेंडी घाण खाती." मी नंतर भेंडीची भाजी खायला नकार दिला होता.

रसात चुनाही टाकतात, त्याचं कारण मात्र मला महाविद्यालयात जाईपर्यंत कळलं नव्हतं. उसाचा रस जरा आम्ल असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि ती दोघं ओलावा धरून ठेवतात. मग गूळ बसत नाही, चिघळतो. चिमूटभर चुन्याने आम्ल मरतं आणि साखर साखरच राहते.

गुळव्या साठीचा असेल. त्याच्याजवळ ना घड्याळ, ना तापमापक. मी विचारलं, "मामा, अजून किती वेळ?"

"दमा जरा ताई. बुडबुडं अजून मोठं हाईत. बारीक हुत्यात बगा आता."

रसात पाणी असेपर्यंत उकळी शंभर अंशांच्या थोडी वरच अडून राहते. पाणी उडत जातं, साखर दाट होते, तसा उकळबिंदू चढतो. एकशे पाच-सहाच्या आसपास काकवी. एकशे अठरापर्यंत गेलं की गूळ. या तेरा अंशांवर सगळा धंदा उभा आहे, आणि ते तेरा अंश हा माणूस बुडबुड्यांवरून वाचतो. फेस अंगावर यायला लागला तेव्हा त्याने तेलाचे दोन थेंब टाकले आणि फेस जागच्या जागी बसला. तेलाचा थेंब बुडबुड्याच्या अस्तरात घुसतो आणि ते फाडतो. कालच्या दुधाचंच कोडं, उलट बाजूने सुटलेलं.

मग त्याने थेंबभर पाक गार पाण्याच्या वाटीत सोडला, दोन बोटांत वळला आणि गोळी वाटीच्या काठावर आपटली. टण्ण आवाज आला. "चला, उतरा!" काहील कलंडली, पिवळाधमक पाक वाफ्यात पसरला आणि खोरी फिरू लागली. घोटताना गार होत त्यात साखरेचे बारीक स्फटिक धरतात, म्हणून तो साच्यात जाईपर्यंत रंगाने फिका पडत जातो. मला हातावर गरम गूळ मिळाला, वर शेंगदाणे.

पण त्या शेडमध्ये मला सर्वांत जास्त वेळ कशाने धरून ठेवलं असेल तर पत्र्याच्या भोकांनी. खिळ्यांची वाकडीतिकडी, फाटकी भोकं. वाफेतून उन्हाचे सरळ दांडे उतरले होते, आणि जमिनीवर पडलेला प्रत्येक कवडसा गोल. भोक तिकोनी असो की लांबट, कवडसा वाटोळाच. ही सूर्याची चित्रं आहेत. प्रत्येक बारीक भोक सूर्यबिंबाची प्रतिमा खाली पाडतं. वडाखाली, आंब्याखाली दुपारी जे गोल ठिपके दिसतात तेही हेच.

हे मला ज्या दिवशी कळायला हवं होतं तो दिवस १६ फेब्रुवारी १९८०. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा उत्तर कर्नाटकातून गेला होता, आमच्याकडे खंडग्रास पण फार मोठं. शिवाजी पेठेत दुपारी चिटपाखरू नव्हतं. खिडक्यांना चादरी, मुलं घरात कोंडलेली. आमचं घर कौलारू. माडीवर कौलांच्या फटीतून रोज जमिनीवर एक कवडसा यायचा, तो त्या दुपारी एका बाजूने खाल्ला जाऊ लागला. मी आणि दादा पालथे पडून बघत होतो. बघता बघता तो इतका बारीक झाला की कापलेल्या नखाएवढाच उरला, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा भरत गेला. आम्हाला बाहेर जाऊ दिलं नाही म्हणून आम्ही रडलो होतो, आणि ग्रहण तर आमच्या फरशीवर लागलं होतं. दादाला मी हे शेडमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण बघितलं की गं ग्रहण!" आणि किती तरी वेळ कवडशांवर तळहात धरत राहिला.

बाराच्या आत घरी पोचायचं होतं, कारण गच्चीवर दादाने तयारी करून ठेवली होती. उद्यमनगरात त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. त्याने एक मीटर उंचीचा स्टीलचा दांडा, खाली जाड बैठक, असा काटकोनात खराद करून आणला होता. ओळंबा लावून तो उभा केला. कोल्हापुरात मध्यान्ह बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आणि कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरवर, त्यात फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या आणखी चौदा मिनिटं मागे चालतो. म्हणून सावली सर्वांत आखूड झाली ती पावणेएकला. दादाने टेप लावली. सदुसष्ट सेंटिमीटर, उत्तरेकडे. म्हणजे सूर्य डोक्यापासून चौतीस अंश दक्षिणेला कललेला. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, सूर्याची दक्षिणेकडची झेप १७.१, बेरीज तेवढीच.

संध्याकाळी रंकाळ्यावर. शालिनी पॅलेसच्या बाजूला सूर्य उतरत होता आणि आमच्या पाठीमागे, गावाच्या छपरांवर चंद्र येत होता. पौर्णिमेला हे असंच होणार, कारण पूर्ण चंद्र म्हणजे सूर्याच्या अगदी समोरचा चंद्र. सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सतरा अंश, तर चंद्र उत्तरेला तेवढाच, चार-पाच अंशांच्या फरकाने. चंद्राची कक्षा तेवढी तिरपी आहे. चंद्र उगवताना केवढा मोठा! एका भेळवाल्याजवळ उभ्या असलेल्या मुलीला मी हात पूर्ण लांब करून करंगळी चंद्रावर धरायला सांगितली. अर्ध्या करंगळीत झाकला गेला. वर चढल्यावर पुन्हा धर, तेवढाच भरेल. छपरांच्या शेजारी तो मोठा वाटतो ते आपल्या मेंदूत, आकाशात काही बदलत नाही. तिची आई म्हणाली, "आता घरी जाऊन झोपायची नाही ही."

आम्हीही झोपलो नाही. रात्री पाऊणच्या सुमारास पुन्हा गच्चीवर. दांडा तिथेच होता. दुपारी ज्याची सावली सदुसष्ट सेंटिमीटर होती, त्याची चंद्राच्या उजेडात जेमतेम दोन बोटं सावली, तीही दुसऱ्या दिशेला. चंद्र जवळजवळ बरोबर डोक्यावर. मान मागे टाकून बघताना दादाला चक्कर आली आणि तो टाकीला टेकून बसला. मला लहानपणी वाटायचं की थंडीतला चंद्र जास्त उजळ असतो, आणि आई म्हणायची हवा स्वच्छ असते म्हणून. ते खरंच आहे. पण हिवाळ्यातला पूर्ण चंद्र इतका उंच चढतो, हेही त्याचं कारण. मे-जूनचा सूर्य ज्या उंच वाटेने जातो, त्या वाटेने थंडीत पौर्णिमेचा चंद्र जातो.

२ फेब्रुवारी

झोप झाली नव्हती तरी पहाटे पन्हाळ्यावर. सज्जा कोठीजवळच्या तटावरून खाली पाहिलं तर पंचगंगेच्या खोऱ्यात धुक्याचा सपाट थर, आणि त्यातून गुऱ्हाळांचा धूर सरळ वर येऊन एका ठरावीक उंचीला आडवा पसरत होता. जणू वर काचेचं छत आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, दरीत उतरून साचते, आणि तिच्यावर उबदार हवा राहते. धूर त्या उबदार थरापाशी पोचला की त्याला वर जायला जोर उरत नाही. कोल्हापुरात आम्ही स्वेटर घालून निघालो होतो आणि तीन हजार फुटांवर पन्हाळ्यात तो काढावासा वाटत होता. शाळेत शिकवलेलं, उंच जाल तसं गार होतं, ते पहाटेपुरतं इथे उलटं चालतं. साडेआठच्या सुमारास ऊन खाली पोचलं, छत फुटलं आणि धूर मोकळा झाला.

तट उतरताना जांभ्याला हात लावला. इथला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा बेसाल्ट. त्याचाच माथा लाखो वर्षं पावसात धुवत राहिला, सिलिका वाहून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली, त्याचा हा तांबडा, भोकाभोकांचा जांभा. खाणीत असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर राहून टणक होतो. अंधारबावीत पायऱ्या उतरून गेलो तो गारवा अजून अंगावर आहे.

दुपारी फक्त झोप.

संध्याकाळी देवळात आज आत जागा मिळाली, पितळी उंबऱ्याच्या अलीकडे, एका बाजूला. पडद्यावर जे समजलं नव्हतं ते इथे समजलं. किरण आडवा येत नाही, तो चढतो. सूर्य वर असताना ऊन दाराशीच जमिनीवर पडतं. सूर्य जसा उतरेल तसं ते आत आत लांबतं, फरशीवरून उंबरा ओलांडतं, मूर्तीच्या पायांशी पोचतं, आणि मग सूर्य आणखी खाली गेला की उजेड वर सरकतो. चरण, गुडघे, कंबर. हवेतली धूळ त्या पट्ट्यात सोनेरी दिसत होती. कंबरेवर तो थांबल्यासारखा वाटला, आणि पुढच्या मिनिटात मुखावर होता. दगडाच्या मूर्तीवर तो रंग मी कुठल्याच छायाचित्रात पाहिलेला नाही. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेचा फार जाड थर कापून येतो, निळा रंग वाटेत विखुरतो, आणि तांबूस-सोनेरी तेवढा देवीपर्यंत पोचतो. मग किरण देवीच्या डाव्या बाजूला सरकला आणि गेला. हेही बरोबर. आपल्याकडे सूर्य मावळताना सरळ खाली जात नाही, जरासा उजवीकडे, उत्तरेकडे कलत जातो, आणि आतला उजेड त्याच्या उलट, दक्षिणेकडे.

घंटा वाजत होत्या. शेजारच्या काकू डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाग्य लागतं बाई." मी हो म्हटलं, मनापासून. अंशांचा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता, आणि त्या उजेडासमोर माझेही डोळे भरले होते.

३ फेब्रुवारी

खिद्रापूर. नृसिंहवाडीला दर्शन घेऊन पुढे, कृष्णेच्या काठी. कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, बाराव्या शतकातलं. बाहेरून गजपीठ, हत्तींची ओळ, हे सगळं सुंदर आहेच, पण आम्ही आलो होतो स्वर्गमंडपासाठी. वर छत नाही. खांबांच्या वर्तुळावर दगडांची कडी चढत जाते आणि मध्ये साधारण तेरा फुटांचं गोल आकाश उघडं. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची अखंड वाटोळी शिळा.

कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या गोलाच्या मधोमध येतो, हे ऐकत आम्ही मोठे झालो. शाळेच्या सहलीत गुरुजींना मी विचारलं होतं की कार्तिकीलाच का. गुरुजी म्हणाले, "पुढे चला." उत्तर परवा रात्री आमच्या गच्चीवर दोन बोटांच्या सावलीत मिळालं होतं. कार्तिकी पौर्णिमा बहुधा नोव्हेंबरात येते. तेव्हा सूर्य दक्षिणेला सतरा-अठरा अंश, म्हणून समोरचा पूर्ण चंद्र उत्तरेला सुमारे तेवढाच, आणि खिद्रापूरचा अक्षांशही १६.७. चंद्र माथ्यावर येणारच. काही वर्षी अगदी मध्यभागी, काही वर्षी कक्षेच्या तिरपेपणामुळे चार-पाच अंश इकडे तिकडे. कोल्हापुरात देवीच्या मुखावर येणारं ऊन आणि साठ किलोमीटरवर शिळेवर उतरणारं चांदणं, दोन्हीमागे सूर्याची एकच जागा आहे. एक सण त्या सूर्याकडे तोंड करून, दुसरा त्याच्याकडे पाठ करून.

आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. उन्हाचा गोल शिळेवर नव्हता, उत्तरेकडे सरकून खांबांवर अर्धा चढला होता. दादाने शिळेच्या काठावरून गोलाच्या काठापर्यंत पावलं टाकून पाहिली, मग बाहेर जाऊन खांबांची उंची डोळ्याने अंदाजली, आणि खिशातून कागद काढून त्रिकोण मांडायला बसला. देवळाचा रखवालदार काही वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कवा येतंय मग ऊन मधी?"

सूर्य जेव्हा उत्तरेला १६.७ अंशांवर येईल तेव्हा. म्हणजे मेच्या ६-७ तारखेला, आणि परत जाताना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. शून्य सावलीचे दिवस. ऑगस्टात आपल्याकडे धो धो पाऊस आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर चढलेली, तेव्हा सूर्य दिसायची आशा नको. मेमध्ये सूर्य चौदा मिनिटं मागे चालत नाही, उलट तीनेक मिनिटं पुढेच असतो, म्हणून तेव्हाची मध्यान्ह साडेबाराच्या आसपास. त्या मिनिटाला उन्हाचा गोल बरोबर या शिळेवर पडेल आणि दांड्याला सावली उरणार नाही.

रखवालदाराने तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवली. कोल्हापुरात असाल तर तुम्हीही त्या दिवशी सव्वाबारापासून एखादी सरळ बाटली किंवा उभा पाइप उन्हात ठेवून बघा, फक्त जमीन सपाट हवी आणि वस्तू ओळंब्यात. दादा वर्कशॉपमध्ये आणखी दोन दांडे करून घेणार आहे, एक गच्चीसाठी, एक खिद्रापूरला न्यायला. माझी शाळा तेव्हा सुट्टीत असते. रात्रीच्या महालक्ष्मीत बसल्यावर पहिलं काम केलं ते मेच्या तिकिटाची आठवण फोनमध्ये टाकण्याचं.